भागवततात्यांची हरकत

बोरदऱ्यात कुणाचं काही बिघडलं की भागवततात्या शिंगाड्यांकडं दोन गोष्टी तयार असायच्या: एक कोरा ताव आणि एक दोषी. ताव तालुक्याच्या गावाहून, वाशीच्या बाजारातून नवा यायचा. दोषी मात्र चाळीस वर्षं एकच होता. तात्यांचा सख्खा बाप, गोरोबा.

बोअरला पाणी लागलं नाही? गोरोबा. मास्तर बदली करून पळाला? गोरोबा. गावातल्या वीरप्पाच्या थोरल्याची सोयरीक मोडली तेव्हा तर पोरीकडच्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, की पोरगा तंबाखू लई खातो. पण तात्यांनी पारावर बसून निकाल दिला, "तंबाखूचं निमित्त हाय. पावणे रस्ता बघून मागं फिरले. असल्या रस्त्याच्या गावात कोण पोरगी देतंय?" आणि रस्ता केला कुणी? झालं, पुन्हा गोरोबा.

रस्त्याचं म्हणाल तर तात्या अगदीच खोटं बोलत नव्हते. वाशी रोडच्या फाट्यावर उभं राहिलं की गावातल्या मारुतीवरचा भगवा दिसतो. सरळ चालत निघालं तर दीड किलोमीटर. पण डांबरी रस्ता भरतो चार किलोमीटर. मधी ना डोंगर, ना ओढा, ना कुणाची विहीर. तळहातासारखा सपाट माळ, आणि त्या माळावर रस्त्याला सात वळणं. सुटलेल्या बोकडामागं पळता पळता कुणीतरी आखावा तसा. पहिल्यांदा एसटी आली तेव्हा ड्रायव्हरनं चौथ्या वळणावर गाडी थांबवली, खाली उतरला आणि मेंढरं चारणाऱ्याला विचारलं, "मालक, गाव पुढं हाय का मागं राहिलं?"

हा रस्ता झाला बहात्तरच्या दुष्काळात. सरकारनं काम काढलं आणि मजुरांचा मुकादम होता गोरोबा शिंगाडे. वय अडतीस, शिक्षण अंगठा. सपाट माळावर सरळ रस्ता काढता न येणारा माणूस आपला बाप आहे, हे तात्यांना मिसरूड फुटल्यापासून डाचत होतं. मॅट्रिकच्या पहिल्या पेपराला तर कहर झाला. दोस्ताची सायकल मागून आणली होती. पाचव्या वळणावर साखळी उतरली. ती बसवेपर्यंत फाट्यावरची एसटी गेली, पेपर गेला, मॅट्रिक गेलं. "आबाच्या वळणांनी माझं मॅट्रिक खाल्लं," हे वाक्य हरणाबाईंनी लग्नानंतर आठ दिवसांत इतक्यांदा ऐकलं की नवव्या दिवशी त्यांनी भाकरी थापता थापता विचारलं, "आवं, पण सरळ पायवाट हुती की. चालत का न्हाय गेलाव?"

उत्तर नसलं की तात्यांना राग यायचा. घरात दोन दिवस अबोला.

मॅट्रिक गेलं, पण अक्षर राहिलं. टपोरं, ज्वारीच्या दाण्यासारखं. तहसीलच्या बाहेर उभं राहून, दुसऱ्यांचे अर्ज वाचून वाचून हा माणूस सरकारी भाषा शिकला. सबब, सदरहू, उपरोक्त, विषयांकित. धनगराच्या हातात गोफण असावी तसे हे शब्द तात्यांच्या हातात. निराधारची पेन्शन, रेशनचं कार्ड, विहिरीची नोंद, कशाकशाला लोक यायचे. तात्या पैसा घेत नसत. चहा घेत, आणि चहासोबत चार शिव्या देत. अर्ज मात्र असा लिहीत, की साहेबाला खुर्चीत टाचणी असल्यासारखं व्हावं.

त्यांचा पहिला गाजलेला अर्ज एकोणनव्वद सालचा. तो बापाविरुद्ध. नाव घेतलं नव्हतं, पण गावात कुणाला कळायचं राहिलं नव्हतं. बांधकाम खात्याला लिहिलं होतं, की रस्ता सरळ करून मिळावा. आणि खाली ते वाक्य, जे पुढं गावातल्या पोरांना तोंडपाठ झालं: "सदर रस्ता हा मागील पिढीतील काही अदूरदर्शी व हेकट मंडळींच्या अडाणीपणामुळे वाकडा झाला असून, त्याची शिक्षा आम्हा तरुण पिढीस विनाकारण भोगावी लागत आहे."

हे त्यांनी भर ग्रामसभेत वाचून दाखवलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. गोरोबा मांडीवर कोकरू घेऊन पुढच्या रांगेत बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, उठला, धोतर झटकलं आणि शेजारच्याला म्हणाला, "आवाज चांगला हाय पोराचा."

खात्याचं उत्तर सहा महिन्यांनी आलं. एकच ओळ. सदर रस्त्याची आखणी ग्रामस्थांच्या मागणीनुसार करण्यात आली आहे. तात्या आणखी पेटले. म्हणजे वळणं चुकून पडली नव्हती, यांनी मागून घेतली होती! अडाणी ते अडाणी, वर मागणी करणारे!

आता टॉवरची गोष्ट.

दोन हजार अकरा साली बोरदऱ्यात मोबाइलचा टॉवर येणार होता. गावामागच्या टेकावर जागा ठरली, कंपनीचा माणूस कागद घेऊन पंचायतीत आला. सगळं सुरळीत चाललं होतं. तिसऱ्या दिवशी तात्यांची हरकत दाखल झाली, चार पानी. टॉवरच्या लहरींनी चिमण्या मरतात. गाभण मेंढ्या गाभडतात. माणसाची स्मरणशक्ती जाते. सबब काम न थांबल्यास आमरण उपोषण. कंपनी भानगडीत पडली नाही. तिनं शेजारच्या गावात टॉवर टाकला आणि निघून गेली. बोरदऱ्यानं पारावर तात्यांचा फेटा बांधून सत्कार केला. चिमण्यांचा कैवारी म्हणून.

त्याला आता चौदा वर्षं झाली. शेजारच्या टॉवरचा बोरदऱ्याला एवढाच उपयोग, की संध्याकाळी त्याचा लाल दिवा दिसतो. रेंज मिळते ती टेकावरच्या एका दगडापाशी. त्याचं नावच पडलंय, हॅलोचा दगड. गॅस नोंदवायचा, चला दगडावर. ओटीपी आला का बघायचा, चला दगडावर. पुण्यातल्या नवऱ्याशी भांडायचं, तेही दगडावर, मागं चार माणसं रांगेत उभी. त्यामुळं गावात कुणाचंच भांडण झाकून राहत नाही.

गोरोबाआबा आता एक्क्याण्णव वर्षांचे. पेन्शनसाठी दरसाल मशीनवर अंगठा लावून आपण जिवंत असल्याचं दाखवावं लागतं. मशीन चालतं दगडावर. म्हणून आबांना खाटेवर बसवून चौघंजण टेकावर नेतात. वाटेत माणसं हात जोडतात, तसे आबा खाटेवरून ओरडतात, "आरं जिता हाय अजून! नुसता दाखवाया चाललोय!" खाटेचा पुढचा डावा खूर दरसाल तात्यांच्या खांद्यावर असतो. चढताना तात्या घामाघूम होऊन सरकारला शिव्या घालतात. टॉवर कुणी अडवला, हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानात नसतं. स्मरणशक्ती, दुसरं काय.

तात्यांची धाकटी, प्रतीक्षा. शेंडेफळ. धाराशिवला बी.कॉम. करून परत आलेली. डोकं बापाचं, जीभ आईची, म्हणजे सुटका कुणाचीच नाही. तिच्या नावानं गावाला ऑनलाइन सेवा केंद्र मंजूर झालं. दाखले, सातबारा, विम्याचे फॉर्म, सगळं गावातच. आबांना टेकावर न्यायला नको. फक्त एक अट होती. महिनाअखेर टॉवरच्या मंजुरीचा कागद जोडायचा, नाहीतर केंद्र शेजारच्या गावाला जाणार. कंपनी तयार होती, जागा तयार होती. पण पंचायतीची फाइल उघडली तर वरतीच ती चार पानी हरकत.

ग्रामसेवकाला गावात भाऊसाहेब म्हणतात. भाऊसाहेबांनी प्रतीक्षाला सांगितलं, "ताई, ग्रामसभेचा ठराव पाहिजे. त्यासाठी तुमचा अर्ज पाहिजे. आणि ज्यानं हरकत घेतली त्यानं ती मागं घ्यायला पाहिजे, लेखी. कारण नमूद करून."

ज्यानं हरकत घेतली तो घरात ओट्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी फोडत होता.

ग्रामसभेच्या दोन दिवस आधी प्रतीक्षानं अर्जाचा मसुदा तात्यांपुढं धरला. यात नवल नव्हतं. गावातला कुठलाही अर्ज तात्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय वाशीला जात नसे. तात्यांनी चष्मा चढवला, लाल पेन काढला, आणि सवयीनं मोठ्यांदा वाचायला लागले. वाचता वाचता त्यांचा चेहरा खुलला.

"'सदर टॉवर हा मागील पिढीतील काही अदूरदर्शी व हेकट मंडळींच्या अडाणीपणामुळे गावात येऊ शकला नसून, त्याची शिक्षा आम्हा तरुण पिढीस विनाकारण भोगावी लागत आहे.' वा! अगं ऐकलंस का? बाहेर ये जरा! पोरीनं काय लिवलंय बघ! याला म्हणत्यात भाषा. 'अदूरदर्शी' काय, 'हेकट' काय! हाणलंय नुसतं! कुणी शिकवलं तुला ह्ये?"

"तुमीच," प्रतीक्षा म्हणाली. "एकोणनव्वद सालचं हाय. पंचायतीच्या फायलीत घावलं. म्या फकस्त रस्ता खोडून टॉवर केलं."

लाल पेन हवेत थांबला.

"मंजी... ही मंडळी कोण?"

"हरकत कुणाची हाय?"

हरणाबाई पिठाच्या हातानं उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी पदराचं टोक तोंडाला लावलं, पण डोळे झाकायचे राहिले. "मंग करा की दुरुस्त. वा म्हणलंय तुमी. सगळ्या आळीनं ऐकलंय."

"म्या अडाणी?" तात्या उठले. "चार तालुक्यांत माझे अर्ज चालतात! कलेक्टरनं उभं राहून..."

"म्या म्हणलंच न्हाय," प्रतीक्षा म्हणाली. "तुमचंच वाक्य हाय. पिढी बदलली तेवढी. तात्या, हरकत मागं घ्या. दोन ओळी लिवायच्यात."

"मागं घेनं माझ्या रक्तात न्हाय!"

"मंग ठीक हाय. केंद्र जाऊ द्या शेजारी. म्या बी जाते. तिथंच खोली करून ऱ्हाईन. तुमी चिमण्या सांभाळा."

तात्यांनी चपला घातल्या, उलट्या घातल्या, पुन्हा सुलट्या घातल्या आणि न जेवता बाहेर पडले. पण जाणार कुठं? पारावर गेलं तर पोरं. पंचायतीत गेलं तर भाऊसाहेब. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तात्यांचे पाय तक्रार घेऊन बापाकडं वळले.

गोरोबाआबा दुपारचे मेंढवाड्यात असत. आता मेंढरं नातवांची होती, पण कोकरांचा कारभार आबांनी सोडला नव्हता. आबा निंबाच्या सावलीला बसून एका अशक्त कोकराला बाटलीनं दूध पाजत होते. तात्या शेजारी दगडावर बसले.

"आबा, पोरगी डोक्यावर बसली."

"कुणाच्या?"

"माझ्या. आन कुणाच्या?"

"मंग बरं हाय. म्या म्हणलं माझ्या का काय."

"हसण्यावारी नेऊ नका. मला हेकट म्हणती. अदूरदर्शी म्हणती. लिवून म्हणती!"

आबांचे खांदे हलायला लागले. म्हातारा रडतोय का काय म्हणून तात्यांनी वाकून पाहिलं. आबा हसत होते. इतके हसत होते की कोकराच्या तोंडातली बाटली सुटली.

"हसायला काय झालं?"

"न्हाय रं. त्यो सबुद लई दिसांनी ऐकला. तू पैल्यांदा म्हणलास तवा म्या दोन दिस मास्तरच्या मागं फिरलो. इचारलं, मास्तर, ही शिवी हाय का पदवी?"

तात्यांना हसू आलं नाही. वारं पडलं होतं. कोकरू आबांचा अंगठा चोखत होतं. तात्या पायानं लेंड्या उकरत बसले. मग एकदम, कुणीतरी ढकलल्यासारखे बोलले.

"आबा, रस्ता वाकडा कामून केला तुमी?"

आबांनी मान वर केली. "इचारलंस व्हय अखेर. अर्ज केलास. तक्रार केलीस. मोजणीवाले आणलेस. पर इचारलं न्हाईस कवा."

"मंग आता इचारतो."

"सरळ रस्ता दीड महिन्याचा," आबा म्हणाले. "सरकारी ओरशेर, कामावरचा सायब, मला म्हणला, गोरोबा, आखणीला चुन्याची सरळ फक्की मारून देतो, दीड महिन्यात काम खलास. म्या म्हणलं, सायब, दीड महिन्यानं शिमगा येतोय. पाऊस मिरगाला. मधी काय खायाचं? काम हाय तवर पगार, काम हाय तवर सरकारी सुकडीचं खाणं. हितलं काम सरलं की पुढचं काम परांड्याच्या पल्याड. लेकुरवाळ्या बायांनी तितं जायाचं कसं? ओरशेरनं कामावरच्या बायांकडं बघितलं. मंग चुन्याचं घमेलं माझ्या हातात दिलं आन म्हणला, म्या वाशीला जाऊन येतो, तू मार फक्की."

"मंग?"

"मारली. जेवढी वळणं तेवढे पगाराचे हप्ते. पैल्यांदा पाचच घातली हुती. पर हिशेबात पाऊस गाठंना. म्हणून आजून दोन घातली."

तात्या फाट्याकडं बघत राहिले. उन्हात रस्ता दिसत होता, तसाच, लोळत पडलेला. आठ वर्षांचा भागवत हातात जर्मलची ताटली घेऊन सुकडीच्या रांगेत उभा असायचा, ते त्यांना आठवत होतं. सुकडीचा गोड, जरा करपट वास आठवत होता. ताटली चाटून झाल्यावर रांगेत पुन्हा घुसल्याबद्दल खाल्लेली थप्पड आठवत होती. ती रांग कुठल्या रस्त्यावर होती, हे मात्र त्यांनी कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

"सहाव्या वळणावर तुझी माय खडी फोडायची," आबा म्हणाले. "वैशाख हुता. तू रोज इचारायचास, उद्या बी सुकडी हाय का."

"मंग आजवर सांगितलं कामून न्हाय?" तात्यांचा आवाज चढला. सवय, दुसरं काय. "भर सभेत म्या तुमाला नाय नाय ते बोललो, आन तुमी माझ्या आवाजाचं कौतुक करून उठून गेलाव!"

"कसं सांगू? सरकारला फशिवलं हुतं आमी. आन घरात तू अर्जवाला. उद्या 'सदरहू गोरोबा' म्हणून लिवून दिलं आसतंस तर? माझं काय बी होऊ दे, पर त्या ओरशेरची पेन्शन गेली आसती. भला माणूस हुता."

म्हातारा बरोबर बोलत होता. चोवीस-पंचवीस वर्षांच्या भागवतानं लिहून दिलंच असतं. प्रती माहितीसाठी तीन ठिकाणी पाठवल्या असत्या.

पण माणसाचा स्वभाव बघा. दोन मिनिटांत तात्यांचा चेहरा पुन्हा उजळला. बाप चुकला नव्हता, मग आपणही चुकलो नसू, असा हिशेब त्यांनी मनात मांडला. "मंजी आबा, वाकड्याच्या मागं बी काहीतरी असतंय. आता ह्या पोरांना काय कळणार, म्या हरकत कामून घेतली ते!"

"व्हय की," आबा म्हणाले. "कामून घेतलीस? मला तवा बी कळलं न्हाय."

"चिमण्या."

"आपल्या आढ्याला चिमणीनं खोपा केला की काठी घेऊन कोण काढतंय?"

तात्यांनी मान फिरवून मेंढ्यांकडं पाहिलं.

"मेंढ्या मंग? मेंढ्या म्या राखतो. त्या शेजारच्या टॉवरखाली चरून येत्यात. एक बी गाभडली न्हाय."

तात्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा चढवला. मग आवाज खाली आणून, मेंढरांनीसुद्धा ऐकू नये असे बोलले. "त्यो कंपनीचा माणूस आलता न्हवं, पंचायतीत. तुमीबी हुता. जागंच्या कागदावर पंचांनी, म्हाताऱ्यांनी अंगठं लावले. तुमी लावला. मंग माझी पाळी आली. म्या खिशातनं पेन काढतोय, तवर त्यानं शाईचा पॅड माझ्यापुढं सरकवला. न इचारता. वर म्हणला, काका, हितं दाबा. मला, आबा! मला पॅड! आख्ख्या तहसीलला कायदा शिकवणाऱ्याला! पंचायतीत पोरं बसली हुती. हसली."

"आन?"

"आन काय. घरी आलो, ताव काढला. चिमण्या मागनं सुचल्या."

आबांनी कोकराला खाली सोडलं. ते धडपडत आईकडं गेलं. "मंजी माझा अंगठा बघून त्याला वाटलं पोरगा बी तसलाच. तर मंग ह्यो टॉवर बी माझ्याच नावावर मांड. सात तिथं आठ. मला काय जड न्हाय."

म्हातारा मस्करी करत होता की खरंच बोलत होता, ते कळायला मार्ग नव्हता. चाळीस वर्षांत तात्यांना इतका स्वस्त दोषी मिळाला नव्हता. नुसतं व्हय म्हणायचं होतं. तात्यांनी तोंड उघडलंही.

"न्हाय आबा," ते म्हणाले. "ह्यो माझा हाय."

ग्रामसभा शाळेच्या वऱ्हांड्यात भरली. एरवी कोरमसाठी माणसं शेतातून ओढून आणावी लागतात, पण त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. तात्यांच्या घरातलं भांडण आळीनं ऐकलं होतं आणि आळीनं ते गावाला पुरवलं होतं. बाया एका बाजूला, गडी एका बाजूला. पुढं खुर्चीवर गोरोबाआबा.

प्रतीक्षा उभी राहिली आणि अर्ज वाचायला लागली. ते वाक्य तिनं काढलं नव्हतं. 'अदूरदर्शी व हेकट' म्हणताच मागची पोरं खिदळली. सगळ्यांच्या माना तात्यांकडं वळल्या. तात्या उठले. भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण लावून टाकलं. अनुभवी माणूस होता.

"एक दुरुस्ती," तात्या म्हणाले. "'मागील पिढीतील काही मंडळी' ह्ये खोड."

"खोडणार न्हाय," प्रतीक्षा म्हणाली. "तुमीच लिवलंय."

"म्हणून तर सांगायलोय. चुकीचं लिवलं हुतं. हरकतीखाली पिढीची सही हाय का? पिढी आलती का पंचायतीत? कुणाला बोलायचं त्याचं नाव घ्यायला जीभ धजत न्हाय, मंग माणूस पिढीला बोलतो. नाव लिव. भागवत गोरोबा शिंगाडे."

प्रतीक्षानं बापाकडं पाहिलं. मग खोडलं, वर नाव लिहिलं. हात जरा हळू चालला.

"अदूरदर्शी?" तिनं विचारलं.

"ऱ्हाऊ दे."

"हेकट?"

"ऱ्हाऊ दे."

"अडाणी?"

तात्या घुटमळले. "त्यो मात्र काढ. मॅट्रिकपर्यंत गेलोय म्या."

"पाचव्या वळणापर्यंत!" बायांच्या बाजूनं हरणाबाईंचा आवाज आला, आणि वऱ्हांड्याचे पत्रे हसण्यानं वाजले. तात्यांनी हात वर करून थोपवलं, पण त्यांच्याही मिशा हलल्या होत्या.

भाऊसाहेबांनी पुन्हा टोपण काढलं. "मंजी तात्या, हरकत मागं घेताय. कारण काय लिहू? गैरसमज दूर झाल्याने, असं लिहितो."

"गैरसमज न्हवता."

"मग 'तांत्रिक माहिती प्राप्त झाल्याने'? सगळे तेच लिहितात."

"कुणी दिली मला तांत्रिक माहिती? तुमी दिली? आना हिकडं कागद."

तात्यांनी कागद गुडघ्यावर घेतला. सगळं गाव बघत होतं, हा माणूस पहिल्यांदाच अर्ज लिहिताना थांबत होता. एक ओळ लिहायचा, आबांकडं बघायचा, पुन्हा लिहायचा. शेवटी सही केली, फर्राटेदार, आणि कागद प्रतीक्षाच्या हातात दिला. "वाच. मोठ्यांदा."

प्रतीक्षानं वाचलं. "'सन दोन हजार अकरामध्ये कंपनीच्या माणसाने न विचारता शाईचा पॅड पुढे केल्याने हरकतदारास राग आला. राग योग्य होता. हरकत अयोग्य होती. चिमण्यांचा संबंध नाही. सबब हरकत मागे घेण्यात येत आहे.'"

कुणी हसलं नाही. पंचायतीत त्या दिवशी हसलेली दोन-चार पोरं आता चाळिशीची झाली होती, ती खाली बघत होती. गोरोबाआबा कानामागं हात धरून बसले होते. त्यांनी शेजारच्याला शेवटची ओळ पुन्हा विचारून घेतली आणि मान डोलावली.

ठरावाला हात वर झाले. आबांनी दोन्ही हात वर केले. भाऊसाहेबांनी एकच मोजला. मंजुरी झाली, शिक्का बसला.

पण प्रतीक्षा अजून उभीच होती. कागद तिनं पुन्हा वाचला, मनातल्या मनात. वाचता वाचता तिच्या नाकपुड्या फुगल्या. तात्यांना त्या ओळखीच्या वाटल्या. रोज दाढी करताना दिसायच्या.

"पॅड?" ती म्हणाली. "तुमाला? कोण हुता त्यो? ह्याच कंपनीचा न्हवं? भाऊसाहेब, कंपनीचा मेल आयडी द्या. आत्ताच्या आत्ता टाकते. आधी माफी मागा म्हणावं, मंग टॉवर!"

"ओ ताई!" भाऊसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. "शिक्का वाळू तरी द्या!"

"न्हाय, द्याच! म्या असते तर तवाच त्याच्या..."

"बस खाली," तात्या म्हणाले.

"तात्या, तुमी बोलू नका, ह्यो इज्जतीचा सवाल हाय."

"मेल कशी टाकतीस? रेंज कुठं हाय? बस." मग तिचा दंड धरून त्यांनी तिला आपल्या शेजारी बसवलं आणि कागद तिच्या हातातून काढून भाऊसाहेबांच्या फाइलीत सारला. "तुमी बघत काय बसलाव? पुढचा विषय घ्या. गटारीचा."